रिकामा बाण

साळवेबाईंनी मला आयुष्यात दोनदा नापास केलं. पहिल्यांदा मी सतरा वर्षांचा होतो, दुसऱ्यांदा एकावन्न वर्षांचा. मधल्या चौतीस वर्षांत माझी काय प्रगती झाली, ते यावरून ओळखावं.

कर्जतला तेव्हा बाईंचा टायपिंगचा क्लास होता. खाली भुसाराचं दुकान, वर माडी आणि माडीवर अकरा मशिनं. ज्वारीच्या पोत्यांची धूळ थेट वर यायची आणि अर्धा क्लास शिंकत शिंकत टाइप करायचा. बाई उंच, सावळ्या, इस्त्रीची सुती साडी नेसणाऱ्या. हातात कायम एक लाकडी पट्टी असायची. पट्टीचा मार कुणी कधी खाल्ला नाही, ती मजकुराच्या ओळीखाली धरायला होती. पण आम्ही घाबरायचो ते तिच्याशिवायही. बाई आमच्याकडे पाठ करून खिडकीतून रस्ता बघत उभ्या राहायच्या आणि नुसत्या आवाजावरून कुणाचं कुठलं बोट चुकलं ते सांगायच्या.

"भास्कर, करंगळी."

अकरा मशिनं एकदम खडखडत असताना माझीच करंगळी त्यांना कशी ऐकू यायची, ते मला आजही कळलेलं नाही. ती चुकायची, हे मात्र खरं.

पहिले आठ दिवस मला क्लासला सोडायला माझी थोरली बहीण अक्का यायची, कारण गावाहून एकट्यानं एस.टी.त बसायची मला भीती वाटायची. सतराव्या वर्षी. हे मी सहसा कुणाला सांगत नाही. मी टाइप करीत असे तोवर अक्का दाराजवळच्या बाकावर बसायची आणि माझ्याकडं बघून स्वतःच्या गुडघ्यांवर बोटं चालवायची. एकदा बाईंनी तिला विचारलं, "तू का नाही बसत मशिनवर?"

"मला काही नको बाई," अक्का म्हणाली. "मी ह्याला सोडायला आलेय."

त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं आणि ती जामखेडकडं गेली. मी एव्हाना एकटा एस.टी.त बसायला शिकलो होतो.

क्लासचा नियम एकच होता. समोर जो मजकूर असेल तो जसाच्या तसा टाइप करायचा. "मजकुरात आपलं डोकं घालायचं नाही," बाई रोज म्हणायच्या. "बोटं शिकतात, डोकं आडवं येतं." महिन्याच्या परीक्षेला शेळीपालनावरचा उतारा आला. त्यात वाक्य होतं, 'शेळी ही गरिबाची गाय आहे.' मला ते सरळसरळ चुकीचं वाटलं. आमच्या घरी दोन्ही होत्या. मी बाईंची लाज राखायची म्हणून टाइप केलं, 'शेळी ही गरिबाची शेळी आहे.'

बाईंनी कागद वाचला आणि विचारलं, "मजकूर सुधारायला सांगितला होता का?"

बाकी एकही चूक नव्हती, तरी नापास. मी आठवडाभर रुसलो होतो. त्यांनी ते पाहिलंसुद्धा नाही.

पुढे मी नगरला एका कार्यालयात लिपिक म्हणून चिकटलो. मशिनं गेली, कॉम्प्युटर आले. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद न फाडता काढता येतो, एवढ्या भांडवलावर ऑफिसात माझी संगणकतज्ज्ञ म्हणून ख्याती झाली. तिकडे कर्जतला बाईंचा क्लास बंद पडला. मशिनं भंगारात गेली आणि बाईंनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर तहसील कचेरीसमोर, लिंबाखाली, एक टपरी टाकली. 'कॉम्प्युटर टायपिंग व झेरॉक्स.' आत एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, बुद्धाची एक छोटी मूर्ती आणि तीच लाकडी पट्टी.

रविवारसाठी गावी जाताना मी शनिवारची अर्धी रजा टाकून वाटेत त्यांना 'शिकवायला' थांबू लागलो. उंटावरून शेळ्या हाकायची मला हौस आहे, शेळीच्या बाबतीत एकदा तोंड पोळलेलं असूनही.

टपरीवर सर्वांत जास्त काम यायचं ते वंशावळीचं. जातीचा दाखला असो, वारस नोंद असो, आधी वंशावळ लागते. पणजोबा, त्याच्याखाली त्याचे मुलगे, त्यांच्याखाली त्यांचे. मशिनच्या काळात बाई दोन नावांमध्ये जागा सोडायच्या आणि मग पट्टी धरून शाईच्या पेनानं बाण काढायच्या, इतके सरळ की छापल्यासारखे दिसावेत. कॉम्प्युटरवर मात्र त्या आडव्या रेघा आणि एक टोक असं जोडून बाण करायच्या: --->. उभा बाण करायला तर उभ्या रेघेखाली इंग्रजी व्ही. ते बघून माझ्यातला तज्ज्ञ कळवळला.

"बाई, याला तयार चिन्हं असतात," मी म्हणालो. "ऑल्ट दाबून ठेवायचं आणि उजवीकडच्या आकड्यांवर नंबर मारायचा. चोवीस मारला की ↑. पंचवीस ↓. सव्वीस →. सत्तावीस ←."

बाईंनी स्वतः करून पाहिलं. पडद्यावर ↓ उमटला. त्या बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिल्या. मग जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर त्यांनी लिहून ठेवलं आणि पाढा म्हणावा तसं म्हणाल्या, "चोवीस वर, पंचवीस खाली, सव्वीस उजवा, सत्तावीस डावा." महिन्याभरात त्यांना त्या पुठ्ठ्याची गरज उरली नाही. वर्षभरात त्यांच्या कीबोर्डवरचे उजवीकडचे दोन आणि पाच हे आकडे पुसून गेले.

मग बाईंनी स्वतःची शिस्त बसवली. दत्तक गेलेल्या मुलाला तुटक बाण, ⇢. "घर बदललं तरी बाण राहतो," त्या म्हणायच्या. नांदायला जाऊन परत आलेल्या लेकीला वळलेला बाण, ↩. कचेरीला यातलं काही लागत नव्हतं. साहेब लोक फक्त नावं वाचायचे. पण बाईंच्या वंशावळीत माणसं कशी आली आणि कशी गेली, ते वाचणाऱ्याला दिसायचं.

इथं थांबलो असतो तर माझी अब्रू राहिली असती. पण मला सुधारणेचा रोग. मी कुठूनतरी नक्षीदार बाणांचा एक फॉन्ट पैदा केला. जाडजूड, टोकाला पान असलेले बाण. पेन ड्राइव्हवर आणून तो बाईंच्या कॉम्प्युटरवर टाकला. बाई म्हणाल्या, "आहे ते बरं आहे की." मी म्हणालो, "बाई, काळाबरोबर चाला."

पुढच्या आठवड्यात त्यांचा प्रिंटर बिघडला. एका शेतकऱ्याची वंशावळ त्यांनी पेन ड्राइव्हवर देऊन दुसऱ्या दुकानात छापायला पाठवली. त्या दुकानातल्या कॉम्प्युटरला माझा पानाफुलांचा फॉन्ट कुठून ठाऊक असणार? प्रत्येक बाणाच्या जागी चौकोन आला. शेतकऱ्याला वाटलं, नवीन पद्धत असेल. त्यानं कागद तसाच कचेरीत दिला. तिथल्या कारकुनानं वर पाहिलं आणि विचारलं, "खंडू मारुती यांना चार डबे झाले का?"

शेतकरी म्हणाला, "डबं न्हाई सायेब, चार पोरं हुती."

हसून हसून कचेरी बंद पडायची वेळ आली. तो बिचारा परत टपरीवर आला, तेव्हा मी नेमका तिथंच बसलो होतो. बाईंनी त्याची माफी मागितली, चौकोन काढून ऑल्ट पंचवीस मारत गेल्या आणि मान न वळवता मला म्हणाल्या, "भास्करराव, मजकूर सुधारायला सांगितला होता का?"

बाई मला राव म्हणाल्या की मी समजायचो की आज चहा मिळणार नाही.

पण त्याच टपरीवर मी बाईंना स्वतःचा नियम मोडताना पाहिलं. एकाच बाबतीत, पण रोज. दोघं भाऊ आले होते, वडिलांची वारस नोंद करायला. हातानं लिहिलेल्या कागदावर वडिलांचं नाव आणि खाली या दोघांची.

"आणि मुली?" बाईंनी विचारलं.

"लेकी हायत की दोन. पन त्या दिल्या."

"दिल्या म्हणजे? वारल्या का?"

"न्हाई ओ बाई, चांगल्या नांदत्यात! पन आमच्यात न्हाई टाकत नावं. त्यास्नी काय नको हाय."

"त्यांनी सांगितलं?"

"त्यात काय सांगायचं?"

बाई पुढं वाद घालत नसत. त्या वडिलांचं नाव टाइप करायच्या, त्याखाली चार बाण, दोन बाणांखाली दोन नावं आणि दोन बाणांखाली मोकळी जागा. "नावं सांगा, नाहीतर बाण असेच छापते," म्हणायच्या. कुणी चिडून समोरच्या टपरीवर जायचं. कुणी बाणाकडं बघत घुटमळायचं. मोकळ्या जागेचं कसं असतं, एकदा दिसली की डोळा तिथंच जातो. त्या दोघांतला धाकटा शेवटी खाली बघत म्हणाला, "लिवा. कमल. आन धाकटी शोभा."

ते गेल्यावर मी सल्ला दिला, "बाई, गिऱ्हाईक जातं अशानं. आणि मजकूर जसाच्या तसा, हा नियम तुमचाच."

बाईंनी पट्टी हातात घेतली आणि तिच्यावर अंगठा फिरवत बसल्या.

"माझे वडील गेले तेव्हा भावानं असाच कागद आणून दिला," त्या म्हणाल्या. "क्लासमध्येच. म्हणाला, ताई, जरा टाइप करून दे. वडिलांचं नाव, खाली त्याचं नाव, एकमेव वारस. मी टाइप केलं. एक चूक नाही."

"तुमच्या लक्षात नाही आलं?"

"आलं की. माझ्याच बोटांनी टाइप करत होते, न यायला काय झालं? पण मजकुरात डोकं घालायचं नाही, असं मीच शिकवत होते ना रे. बाणसुद्धा मीच काढला. शाईनं, पट्टी धरून."

मला फार वाईट वाटलं. मी म्हणालो, "वाईट झालं बाई." दोन चहा सांगितले. घरी जाऊन बायकोला ही गोष्ट सांगितली आणि असल्या भावांना काही म्हणजे काही वाटत कसं नाही, यावर जेवण होईपर्यंत बोललो.

चार वर्षांनी आमचे वडील गेले. आई आधीच गेली होती. दिवसकार्य उरकल्यावर धाकटा भाऊ दत्ता म्हणाला, "दादा, वारस नोंद करून टाकू." मी म्हणालो, "ते माझ्यावर सोड. बाई आपल्याच आहेत." आणि कागदावर वडिलांचं नाव लिहून खाली दोन नावं लिहिली. भास्कर. दत्तात्रय.

शपथेवर सांगतो, लिहिताना मला काही खटकलं नाही. अक्कानंच कितीदा म्हटलं होतं, मला काही नको. तेवढं मला पक्कं आठवत होतं. ते ती कशाबद्दल म्हणायची, हे आठवायला मी थांबलो नाही. अक्का माहेरी आली आणि चहाला विचारलं की म्हणायची, "मला काही नको रे." जेवायला वाढताना म्हणायची. दिवाळीत साडी घ्यायला निघालो की म्हणायची. जमिनीबद्दल तिला कुणी कधी विचारलंच नव्हतं.

बाईंनी माझा कागद वाचला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला. मला वाटलं, अक्षर लागत नसेल. मग त्यांनी टाइप केलं. ऑल्ट पंचवीस, ऑल्ट पंचवीस, ऑल्ट पंचवीस. प्रिंटरमधून कागद आला. वडिलांच्या नावाखाली तीन बाण होते.

↓ ↓ ↓

दुसऱ्याखाली मी, तिसऱ्याखाली दत्ता. पहिल्याखाली कोरं.

"बाई, तो बाण काढा," मी म्हणालो. माझे कान तापले होते.

"मला नाही येत."

"काय नाही येत?"

"काढायला. तू मला बाण टाकायला शिकवलंस. काढायचा कसा, ते नाही शिकवलंस."

"बाई, अक्काला काही नकोय. ती स्वतः म्हणते."

"तिची करंगळी तुझ्यापेक्षा बरी होती," बाई म्हणाल्या. "गुडघ्यावर टाइप करायची, तरी चुकत नव्हती." आणि पुढच्या माणसाकडं वळल्या. चौतीस वर्षं झाली होती, तरी बाकावर आठ दिवस बसलेली अक्का त्यांना आठवत होती.

मी कागद घेऊन तणतणत बाहेर आलो. ठरवलं, घरी लॅपटॉपवर नवीन करू, दोन मिनिटांचं काम. दत्ताला दाखवावं म्हणून लिंबाखाली उभं राहून कागदाचा फोटो काढला, खाली लिहिलं, 'बघ बाईंनी काय करून ठेवलंय, पहिला बाण काढून टाकतो', आणि पाठवून दिला. संगणकतज्ज्ञानं तो दत्ताला न पाठवता 'आमचं घर' नावाच्या ग्रुपवर पाठवला होता. त्यात दत्ता होता, दोघांच्या बायका होत्या, सगळी पोरं होती आणि अक्का होती.

मला ते कळलं तेव्हा सगळ्यात आधी अक्कानं वाचल्याची खूण आली होती. पुसून टाकण्यात आता अर्थ नव्हता. स्टँडवर येऊन मी बाकावर बसलो. मिनिटाला चाळीस शब्द टाइप करणारा मी, 'अक्का' एवढं लिहायचो आणि पुसायचो. वीसेक मिनिटांनी तिचाच मेसेज आला.

'मला काही नको रे भास्कर. नाव तेवढं असू दे.'

कर्जतच्या स्टँडवर, भर दुपारी, एकावन्नाव्या वर्षी मी रडलो. समोर एक आजी बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "काय झालं बाबा, गाडी चुकली का?" मी म्हणालो, "व्हय."

परत टपरीवर गेलो. पडद्यावर माझीच वंशावळ उघडी होती. फाइलला नाव दिलं होतं, 'अर्धवट'. त्या खुर्चीवरून उठल्या आणि म्हणाल्या, "बस. तूच टाइप कर." आणि माझ्याकडं पाठ करून रस्त्याकडं बघत उभ्या राहिल्या. मी पहिल्या बाणाखाली अक्काचं नाव टाइप केलं. विमल. साधं तीन अक्षरी नाव.

"भास्कर, करंगळी," बाई म्हणाल्या.

चुकलीच होती. पुसून पुन्हा केलं.

दत्ता महिनाभर माझ्याशी धड बोलला नाही, मग बोलायला लागला. सातबाऱ्यावर आता तीन नावं आहेत, पहिलं अक्काचं. ती अजूनही आली की चहाला मला काही नको म्हणते. आम्ही आता न विचारता कप तिच्यासमोर ठेवतो आणि ती पिते.

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते रस्त्याच्या रुंदीकरणात टपऱ्या उठल्या तेव्हा. त्यांचा मुलगा सुप्याला कारखान्यात आहे, त्याच्याकडं निघाल्या होत्या. सामान टेम्पोत चढलं होतं आणि बाई पुढं ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या. मांडीवर दोन आकडे पुसलेला तो कीबोर्ड आणि त्यावर एक कागद. त्यांनी तो खिडकीतून माझ्याकडं दिला.

वंशावळ होती, त्यांच्या स्वतःच्या वडिलांची. वडिलांच्या नावाखाली दोन बाण, ↓ ↓. एकाखाली बाई, एकाखाली त्यांचा भाऊ.

"कुठं द्यायचाय हा?" मी विचारलं.

"कुठं नाही. आता कोण घेणार? मी आपला करून ठेवला." ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. बाईंनी कागद परत घ्यायला हात पुढं केला आणि पहिल्यांदाच मला त्या जरा घाबरलेल्या वाटल्या. "मजकूर सुधारलाय मी, भास्कर. करतोस नापास?"

मी कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. एकही चूक नव्हती. टेम्पो हलला, तसा मी त्याच्या बाजूनं पळत पळत कागद त्यांच्या हातात दिला आणि ओरडून सांगितलं, "पास बाई, पास!" त्यांनी कागदाची नीट घडी घातली आणि खिडकीची काच वर केली.